धागा: ‘वजन कमी करा’ एवढंच सांगून पेशंटला पाठवायचं नसेल, तर ओपीडीत नेमकं काय करायचं?

निशिगंध_ओपीडी

गर्दीच्या ओपीडीत फॅमिली डॉक्टरला एका पेशंटमागे पाच-सात मिनिटं मिळतात. त्यात बीपी बघायचं, शुगरचे रिपोर्ट वाचायचे, गोळ्या लिहायच्या आणि पेशंट खुर्चीतून उठता उठता म्हणायचं, “वजन जरा आटोक्यात आणा हं.” याचा उपयोग शून्य. वजन जास्त आहे हे पेशंटला ठाऊकच असतं. घरचे, शेजारचे आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक ते आधीच सांगून मोकळे झालेले असतात.

धागा डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, फिजिओ, केमिस्ट आणि पेशंट सगळ्यांसाठी खुला आहे. अट एकच. स्वतःच्या किंवा मावशीच्या वजनाच्या कहाण्या नकोत, कामाचं लिहा.

सुरुवात मी करतो. आधी परवानगी घ्यावी: “आज गुडघ्यासाठी आलात, पण वजनाबद्दल दोन मिनिटं बोललं तर चालेल का?” नाही म्हणाले तर विषय तिथेच थांबवायचा आणि केसपेपरवर तशी नोंद करायची. पुढच्या वेळी बहुतेक जण हो म्हणतात. ‘जाड’, ‘सुटलेला’ हे शब्द आपल्या तोंडी नकोतच.

पेशंटला राग येईल म्हणून बरेच डॉक्टर हा विषय टाळतात. इंग्लंडमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं, लॅन्सेटमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालं. दुसऱ्याच तक्रारीसाठी आलेल्या १,८८२ पेशंटचे दोन गट केले. एका गटाला डॉक्टरांनी फक्त ‘वजन कमी केलंत तर तब्येतीला बरं’ एवढं सांगितलं. दुसऱ्या गटाला वजन कमी करण्याच्या बारा आठवड्यांच्या वर्गाला जाल का असं विचारलं, आणि हो म्हटल्यावर तिथल्या तिथे नाव नोंदवून दिलं. याला सुमारे तीस सेकंद लागत. वर्षभराने पहिल्या गटाचं वजन सरासरी १.०४ किलो आणि दुसऱ्याचं २.४३ किलो उतरलं होतं. हा विषय काढणं अयोग्य वाटलं असं म्हणणारे एक टक्काही नव्हते. आकडा लहान दिसेल, पण अर्ध्या मिनिटाच्या मानाने तो भरपूर आहे. फरक पडला तो हातात ठोस पुढचं पाऊल दिल्याने.

आकड्यांचं म्हणाल तर आपल्याकडे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. युरोपातले २५ आणि ३० इथे लावू नयेत, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या पोटात चरबी जास्त असते. उंची १५८ सेंमी, वजन ७४ किलो म्हणजे बीएमआय २९.६. अशा बाईंना “५५ वर या” सांगणं म्हणजे पळवून लावणं. सहा महिन्यांत पाच टक्के, म्हणजे पावणेचार किलो, एवढंच मागावं. तेवढ्यावरही शुगर, बीपी आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) हलतात. फॅटी लिव्हरसाठी मात्र सात ते दहा टक्क्यांपर्यंत जावं लागतं.

---

मोजपट्टी

सिस्टर म्हणून मोजमापाबद्दल लिहिते, कारण गडबड तिथूनच सुरू होते.

वजनकाटा वेटिंग रूममध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवू नये, आणि आकडा मोठ्याने पुकारू तर अजिबात नये. काटा डिजिटल, २०० किलोपर्यंतचा, कडक सपाट फरशीवर. चटईवर किंवा हलणाऱ्या लादीवर ठेवला की वेगळंच वजन दाखवतो. चपला, मोबाइल आणि किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवायला सांगायचं. महिन्यातून एकदा १० किलोचं सीलबंद पोतं ठेवून काटा तपासायचा.

कंबर मोजताना बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटाने चाचपून दोन्हींच्या मधोमध पट्टी धरायची. पाय जवळ, हात सैल, श्वास सहज सोडल्यावर वाचन. पुरुष “माझी कंबर छत्तीस” म्हणतात ते पँटचं माप. पँट पोटाच्या खाली बांधलेली असते, त्यामुळे ३६ इंची पँटवाल्याचा घेर पट्टीने १०२ सेंमीही निघतो. साडीत परकराची नाडी घट्ट असते, तिच्यावरून मोजलं तर चार सेंमी इकडचे तिकडे होतात. नाडी सैल करायला सांगावी, आडोसा द्यावा. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंमी ही आपली मर्यादा. लक्षात ठेवायला सोपं म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी.

आणि बीपीचा कफ! दंडाचा घेर ३४ सेंमीच्या वर असेल आणि नेहमीचाच कफ गुंडाळला तर बीपी खोटं जास्त येतं, मग नसलेल्या बीपीच्या गोळ्या सुरू होतात. मोठा कफ वेगळा मिळतो, प्रत्येक दवाखान्यात एक असलाच पाहिजे. तसंच हात नसलेल्या एक-दोन मजबूत खुर्च्याही हव्यात. प्लॅस्टिकच्या खुर्चीत अडकण्याच्या भीतीने लोक तास-तास उभे राहतात.

---

वाचनमात्र

उपयुक्त धागा. पेशंटच्या बाजूने एक प्रश्न. डॉक्टर वजन वाढलं म्हणून रागावतात, पण काही गोळ्यांनीच वजन वाढतं ना? ते कोणी सांगत का नाही?

---

गोळ्यांचा_हिशेब

@वाचनमात्र, वर्मावर बोट ठेवलंत. आहाराचा कागद देण्याआधी डॉक्टरने पेशंटची गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करायला हवी.

डायबेटिसमध्ये ग्लिमेपिराइड, पायोग्लिटाझोन आणि इन्शुलिनने वजन वाढतं. ग्लिमेपिराइडवर शुगर खाली जाते, घाम फुटतो, माणूस साखर नाहीतर बिस्किटं खातो, शुगर चढते, डोस वाढतो, पुन्हा तेच. मेटफॉर्मिन आणि डीपीपी-४ गटातल्या गोळ्यांनी वजन वाढत नाही, डापाग्लिफ्लोझिनने दोन-तीन किलो उतरतं. मानसोपचारात ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन, मिर्टाझापिन. फिटसाठी व्हॅल्प्रोएट. नसांच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन आणि ॲमिट्रिप्टिलिन. बीपीसाठी अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल (यांचा वाटा लहान). बायकांत तिमाही गर्भनिरोधक इंजेक्शन.

पेशंटनी यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नये. फिटचं औषध अचानक बंद केलं तर फिट येते. फॅमिली डॉक्टरनेही मानसोपचाराचं औषध परस्पर बदलू नये. “याला पर्याय आहे का? सहा महिन्यांत आठ किलो वाढलंय” अशी दोन ओळींची चिठ्ठी त्या तज्ज्ञाला लिहावी. ओलान्झापिन बदलणं शक्यच नसेल तर जोडीला मेटफॉर्मिन देतात, त्याने वाढ बरीच रोखली जाते.

दोन छुपे गुन्हेगार आहेत. एक, ‘अंग धरायच्या’ गोळ्या. त्यात सायप्रोहेप्टाडिन आणि बऱ्याचदा डेक्सामेथासोन असतं. दोन, सांधेदुखीची बिननावाची पुडी, जिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. चेहरा गोल, हातपाय बारीक, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे, कातडी सहज काळीनिळी होणं, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर नसणं, असं दिसलं तर आधी पुडीबद्दल विचारा. तीही एकदम तोडायची नाही, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं बंद केलेलं असतं. सकाळी ८ च्या सुमारास कॉर्टिसॉल तपासून हळूहळू कमी करावी लागते.

तपासण्या मोजक्याच: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड, एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरसाठी), प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी). प्लेटलेट का, तर फिब-४ काढण्यासाठी (वय × एसजीओटी, भागिले प्लेटलेट हजारांत × एसजीपीटीचं वर्गमूळ). १.३ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये मोठा व्रण असण्याची शक्यता कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी).

टीएसएच ६ आलं की “थायरॉइडमुळे वजन वाढलं” असं सांगून सगळे मोकळे होतात. उघड हायपोथायरॉइडमध्येही थायरॉइडमुळे वाढतात ते दोन ते पाच किलो, आणि त्यातलं बरंचसं पाणी. पंचवीस किलोचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. वजन उतरवण्यासाठी थायरॉक्सिनचा डोस चढवणं तर सरळ धोकादायक, हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात.

झोपेबद्दल पेशंटला विचारून फार कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून दचकणं, सकाळी डोकं जड, दिवसा पेंगणं आणि गळ्याचा घेर ४० सेंमीच्या वर असेल तर स्लीप स्टडी करावी. ड्रायव्हर असेल तर ती लगेच.

---

भाकरी_भाजी

आहारतज्ज्ञ. माझा पहिला आक्षेप झेरॉक्स केलेल्या डाएट चार्टला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस, रात्री ब्रोकोली सूप. पाच माणसांचा स्वयंपाक करणारी बाई स्वतःसाठी वेगळं पातेलं चढवणार नाही, आणि चढवलं तर आठवडाभर.

डॉक्टरांकडे दोन मिनिटं असतील तर “काय खाता?” विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, “दोन पोळ्या, भाजी, बास!” तीन प्रश्न विचारा. घरात महिन्याला तेल किती लागतं आणि खाणारी तोंडं किती? दिवसात चहा किती कप, साखर किती चमचे आणि सोबत काय? काल संध्याकाळी पाच ते रात्री झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं?

तेलाचा हिशेब बघा. चौघांना महिन्याला पाच लिटरचा डबा म्हणजे माणशी रोज साधारण ४१ मिलि, सुमारे ३४० कॅलरी. तोच डबा दोन महिने पुरवला तर माणशी २१ मिलि, १७० कॅलरी. कुणाच्या ताटातलं काही काढलं नाही, वेगळं शिजवलं नाही, तरी माणशी १७० कॅलरी गेल्या. कसं करायचं? महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवा. फोडणीला धारेने ओतू नका, चहाच्या चमच्याने मोजा (एक चमचा ५ मिलि, सुमारे ४० कॅलरी). रस्सा भाजीत चौघांत चार चमचे भागतात. भाजी करपते ती बहुतेक वेळा तेल कमी म्हणून नाही, आच मोठी आणि झाकण नाही म्हणून. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा.

चहा: चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला दीडशेच्या आसपास कॅलरी. चार ग्लुकोज बिस्किटं शंभर. साखर एकदम बंद केली तर चार दिवसांत परत येते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा.

प्रथिनं आपल्या ताटात कमी पडतात, त्यामुळे भूक लवकर लागते आणि वजन उतरताना स्नायू झडतात. किडनी ठीक असेल तर दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम. पण बीएमआय ३५ असताना सध्याच्या वजनावर गुणाकार करू नका, उंचीप्रमाणे योग्य वजन धरा. ६० ग्रॅम कुठून आणायचे? दोन अंडी १२, अर्धी वाटी कोरडी डाळ (दिवसभरात, साधारण ५० ग्रॅम) ११, सोयाबीन वड्या ३० ग्रॅम कोरड्या १५, दोन वाट्या दही १०-१२, बाकीचं पोळी-भाकरीतून येतं. मासे खाणाऱ्यांना सोपं. बांगडा कालवणात घाला, रवा लावून तळू नका.

आता उपास. श्रावण आणि नवरात्र म्हणजे वजन वाढायचे महिने. साबुदाणा ६० ग्रॅम (२१०), दाण्याचा कूट २५ ग्रॅम (१४०), तूप दोन चमचे (८० ते ९०), बटाटा (४०). एक बशी खिचडी पावणेपाचशेच्या आसपास, आणि प्रथिनं जेमतेम सात-आठ ग्रॅम. उपास सोडा असं डॉक्टरने म्हणू नये, ऐकणार कोणी नाही. दही, ताक, दूध, राजगिऱ्याची भाकरी, काकडी, भोपळ्याची भाजी, मूठभर भाजलेले दाणे यांतून बसवता येतं. भगर ‘हलकी’ नसते, तीही धान्यच आहे. वाटीने मोजा.

एका भेटीत एकच बदल. तेल, चहा, फरसाण, भात, व्यायाम सगळं एकत्र सांगितलं की घरी पोहोचेपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

---

वाचनमात्र

डॉ. दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत बरेच जण करतात. डॉक्टरला सांगायला हवं का, की आपलं आपण सुरू केलं तरी चालतं?

---

गोळ्यांचा_हिशेब

कोणतीही गोळी चालू नसलेल्या, धडधाकट माणसाला दोन वेळा जेवून बघायला हरकत नाही. चरणं थांबतं, त्याचा फायदा होतो. मात्र ५५ मिनिटांच्या दोन जेवणांत काय आणि किती जातं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून.

डायबेटिस असेल तर सुरू करण्याच्या आधी डॉक्टरला सांगायलाच हवं. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असताना नाश्ता बंद केला तर अकरा-बाराला शुगर ६० च्या खाली जाऊ शकते. डोस पहिल्या दिवसापासून कमी करावा लागतो, बऱ्याचदा ग्लिमेपिराइड निम्मं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनवर असलेल्यांनी भात-पोळी जवळपास बंद केली, किंवा लांब उपास धरले, तर शुगर १८० असतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप. शुगर बरी दिसते म्हणून घरचे आणि कधी कधी डॉक्टरही फसतात. असं झालं तर गोळी बंद, रक्तातले कीटोन तपासायचे, हॉस्पिटल गाठायचं. रमजानच्या रोज्यांनाही हेच लागू. डॉक्टरकडे महिनाभर आधी जावं.

बीपीच्या गोळ्यांकडेही लक्ष हवं. वजन पाच-सात किलो उतरलं की जुना डोस जड होतो, उभं राहिल्यावर भोवळ येते. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही बघा. पाणी काढणारी गोळी सहसा आधी कमी करावी लागते. आठवड्याला दीड किलोपेक्षा वेगाने वजन उतरत असेल तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, तिथे वेग आवरायचा.

---

गुडघेदुरुस्ती

फिजिओ आहे. “रोज तासभर चाला” हे गुडघ्याची कूर्चा झिजलेल्या ९० किलोच्या माणसाला सांगितलं की तो चौथ्या दिवशी सुजलेला गुडघा घेऊन येतो आणि वर्षभर व्यायामाचं नाव काढत नाही.

असं चालतं: प्रत्येक जेवणानंतर सात ते दहा मिनिटं घराजवळ सपाटीवर चालणं, पट्टा असलेली सँडल घालून. रबरी स्लिपर नको. जोडीला उंच खुर्चीवरून हात न टेकता उठबस, आठ वेळा, तीन फेऱ्या. जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, दर आठवड्याला ती कमी करा. पाठीवर झोपून पाय सरळ उचलणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून पुशअप दहा. हे आठवड्यातून तीन दिवस. व्यायामानंतरचं दुखणं २४ तासांत पहिल्यासारखं झालं तर डोस बरोबर, नाही झालं तर पुढच्या वेळी निम्मं करा. स्टॅटिक सायकलची सीट एवढी उंच, की पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. बहुतेकांची सीट खाली असते आणि वाटीच्या मागे दुखतं.

दोन-तीन महिन्यांनी आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोहोचलो तर छान. नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही हेही पेशंटला आधीच सांगावं. ८० किलोच्या माणसाने अर्धा तास बऱ्यापैकी चालल्यावर सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, एका वडापावात त्याच्या दुप्पट. व्यायाम स्नायू टिकवायला, शुगर खाली ठेवायला आणि उतरलेलं वजन परत चढू न द्यायला. गुडघेवाल्यांना एक आकडा आवडतो: शरीराचं वजन एक किलो उतरलं की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो.

---

निशिगंध_ओपीडी

सगळ्यांचे आभार. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनवर कोणीतरी लिहा. हल्ली दर दोन दिवसांनी विचारणा होते.

---

गोळ्यांचा_हिशेब

भारतात टिर्झेपाटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) जून २०२५ मध्ये. दोन्ही आठवड्यातून एकदा, पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइड २.४ मिग्रॅवर ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के आणि टिर्झेपाटाइड १५ मिग्रॅवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन उतरलं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणून “लग्नापर्यंत तीन महिने द्या” म्हणणाऱ्याला सुरूच करू नये.

डोस पायरीपायरीने. सेमाग्लुटाइड ०.२५, ०.५, १, १.७, २.४, प्रत्येक पायरी चार आठवडे. टिर्झेपाटाइड २.५ चार आठवडे, मग ५, पुढे गरज असेल तरच दर चार आठवड्यांनी २.५ ने वाढ. घोटाळा होतो तो घाईत. दोन पायऱ्या एकदम चढवल्या की उलट्या, शरीरातलं पाणी कमी, किडनीवर ताण. मळमळ असेल तर त्याच पायरीवर आणखी चार आठवडे थांबा. ताटात निम्मं वाढून घ्या, पोट भरलं वाटताच हात धुवा. तळलेलं खाल्लं की मळमळ हमखास वाढते.

देण्याआधी विचारायचं: स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर? पूर्वी पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज)? पित्ताचे खडे? गर्भधारणेचा विचार? (सेमाग्लुटाइड दोन महिने आधी, टिर्झेपाटाइड निदान एक महिना आधी बंद.) टिर्झेपाटाइड सुरू करताना आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नये, कंडोम वापरावा. हे फार कमी ठिकाणी सांगितलं जातं. डायबेटिस असेल तर आधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, आणि ग्लिमेपिराइड-इन्शुलिन आधीच कमी करायचं. चरबी कमी होतेय की स्नायू झडताहेत हे कळायला दर भेटीत खुर्चीतून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठबस होते ते मोजा. आकडा घसरत असेल तर प्रथिनं आणि व्यायाम वाढवा. आणि शस्त्रक्रियेसाठी भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञाला या इंजेक्शनबद्दल सांगायलाच हवं. पोट हळू रिकामं होतं.

---

औषधवाला

केमिस्ट म्हणून पुरवणी. न वापरलेलं पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. फ्रीझरला चिकटून नको, गोठलेलं पेन फेकावं लागतं. एसटीने नेताना बर्फाचा पॅक थेट पेनला लावू नका, मध्ये टॉवेल गुंडाळा.

गोळ्यांत ऑर्लिस्टॅट (खाल्लेली चरबी अंगी लागू न देणारी) १२० मिग्रॅ, चरबीयुक्त जेवणाबरोबर. तेलकट खाल्लं तर तेलकट जुलाब, कपडे खराब. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट दोन दिवसांत गोळ्या परत घेऊन येतो. अ, ड, ई, के जीवनसत्त्वांची गोळी झोपताना, ऑर्लिस्टॅटपासून लांब. ‘आयुर्वेदिक चरबीनाशक’ म्हणून ऑनलाइन येणाऱ्या बिनलेबलच्या कॅप्सूल घेऊन कोणी आलं तर बीपी आणि नाडी बघा. सिब्युट्रामिनवर (भूक मारणारं औषध) आपल्याकडे बंदी आहे, पण अशा मालात ते सापडत आलंय.

---

उपकेंद्र_सीएचओ

गावाकडे आहारतज्ज्ञ नाही, फिजिओ नाही. आहे ते सांगते. आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मोजणारा) भरतात, त्यात कमरेचा घेर असतोच: बायकांत ८० पर्यंत शून्य, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन गुण, पुरुषांत ९० पर्यंत शून्य, ९१ ते १०० ला एक, त्यापुढे दोन. एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी. खासगी डॉक्टरांनी पेशंटला “आरोग्य मंदिरात (सरकारी उपकेंद्रात) दर पंधरा दिवसांनी वजन करून या, वहीत लिहून आणा” एवढं सांगितलं तरी फॉलोअपचं अर्धं काम तिथे फुकटात होतं. बीपी आणि शुगरही होते.

---

वाचनमात्र

शेवटचे दोन प्रश्न. चार महिन्यांनी वजन अडून बसतं, ते का? आणि वजनाच्या ऑपरेशनला विमा मिळतो का?

---

भाकरी_भाजी

पहिल्याचं मी सांगते. पहिल्या दोन आठवड्यांत उतरतं त्यात साठवलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी बरंच असतं, म्हणून सुरुवातीचा वेग फसवा. पुढे हलक्या शरीराला कॅलरी कमी लागतात, शिवाय शरीर खर्च आवरतं आणि भूक वाढवतं. जेवढं खाऊन जानेवारीत वजन उतरलं तेवढंच खाऊन मेमध्ये ते टिकतं. यात ‘लबाडी’ नाही, पेशंटवर संशय घेऊ नका. पुन्हा तेच तीन प्रश्न विचारा, मोजायचा चमचा वापरात आहे का बघा, पद्धतशीर दोन आठवडे लिहून काढा. कंबर घटत असेल तर वजन अडलं तरी चालेल. सहा महिने काहीच हललं नाही तर औषधाचा विचार करायला हरकत नाही.

---

निशिगंध_ओपीडी

दुसऱ्याचं मी. आपल्याकडे बॅरिॲट्रिकसाठी (वजन उतरवण्याच्या ऑपरेशनसाठी) बराच काळ बीएमआय ३७.५, किंवा डायबेटिस वगैरे असेल तर ३२.५, असा निकष होता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो आणखी खाली आणला, आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करता येतो. विम्याचा निकष मात्र वेगळा आणि कडक: वय १८ पूर्ण, बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा ३५ वा जास्त आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), आटोक्यात नसलेला डायबेटिस यांसारखं काही, आणि कमी त्रासाचे उपाय करूनही उपयोग न झालेला. ऑपरेशननंतर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर, वर्षातून एकदा रक्त तपासणी.

‘उपाय करून झाले’ हे विमा कंपनीला कागदावर लागतं. त्यामुळे प्रत्येक भेटीत तारीख, वजन, कंबर, काय बदल सांगितला, कोणतं औषध दिलं आणि पुढची तारीख हे केसपेपरवर लिहा. पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. पेशंटनी प्रत्येक केसपेपरची झेरॉक्स फाइलला लावून ठेवावी.